चार वर्षं न ठरलेला डबा

काका, मला तुमच्यावर शक आहे.

तेरावं होऊन चारच दिवस झाले, फोटोवरचा हार अजून पुरता सुकला नाही, आणि हा पोट्टा शक घेऊन बसला, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. तुम्हीच शिकवलं नं, की माल समोर आला की आधी शक घ्यायचा आणि मग नमस्कार करायचा. म्हणून आधी शक.

तर शक असा. चार वर्षं तुम्ही जो कन्व्हर्टर निवडून राहिले होते, तो तुम्हाला निवडायचाच नव्हता.

मी पहिल्यांदा राइट टाउनच्या तुमच्या घरी आलो तो एका साडीच्या दुकानाची जाहिरात घेऊन. ऑटोच्या भोंग्यावर वाजवायची जाहिरात. मी सात आवाजात केली होती. सासू, सून, नवरा, दुकानदार, पोलीसवाला, एक नेताजी आणि आमचे केमिस्ट्रीचे सर. शाळेत या सरांच्या नकलेपायी मी तीन वेळा वर्गाबाहेर उभा राहिलो होतो, म्हणजे माल एकदम पक्का. समोरच्या खोलीत तुम्ही रजया टांगून स्टुडिओ केला होता. भिंतीला रजई, दाराला रजई, खिडकीला काकूंची जुनी गादी. तुम्ही डोळे मिटून सगळं ऐकलं. मग उजव्या हाताचं एक बोट वर केलं आणि हवेत एक चक्कर फिरवलं.

मी म्हटलं, "अच्छा, म्हणजे आवडलं?"

आतून काकू म्हणाल्या, "म्हणजे नापास. फॅक्टरीत माल तपासायचे, मशीनींच्या आवाजात ऐकू येत नव्हतं कोणाला, म्हणून हे बोटानंच नापास करायचे. रिटायर झाले, बोट नाही झालं."

मी विचारलं, काहून नापास? तुम्ही म्हणाले, "सात आवाज आहेत, माणूस एकही नाही." आणि त्या दिवसापासून माझं नाव पोपटराव.

पास करायची तुमची तऱ्हा वेगळी होती, ती मला कळायला वर्ष लागलं. कारण वर्षभर मी पासच झालो नाही. आधी तुमचं नाक वाजायचं. श्वास आत घेताना डाव्या नाकपुडीतून बारीक शिट्टी, कुकरला वाफ धरायच्या आधी येते तशी. मग तुम्ही चष्मा काढायचे. दोन्ही हातांनी, सावकाश, एक दांडी, मग दुसरी. आणि मग म्हणायचे, "चलो." बस, इतकंच. चार वर्षांत मला दोन 'चलो' मिळाले. एक दंतमंजनच्या जाहिरातीला आणि एक मी चुकून स्वतःच्या आवाजात बोललो तेव्हा.

कन्व्हर्टर म्हणजे काय ते पण तुम्हीच समजावलं. मी तर त्याला डबाच म्हणायचो, तुम्ही पण म्हणायला लागले. माइकमधून आवाज येते तो लाटेसारखा, अखंड. कॉम्प्युटरला लाट समजत नाही, त्याला आकडे पाहिजेत. डबा एका सेकंदात हजारो वेळा त्या लाटेचा नाप घेते आणि आकडे लिहून देते. मग ऐकायच्या वेळी तेच आकडे पाहून पुन्हा लाट बनवते. तुम्ही फॅक्टरीतला नापायचा चिमटा हातात धरून सांगितलं होतं, "नाप घेणाऱ्याचा हात जरा जरी हलला, एक नाप लवकर आणि एक उशिरा घेतला, तर आकडे बरोबर दिसतील आणि माल वाकडा निघेल. म्हणून डब्याच्या आतलं घड्याळ पाहायचं. बाहेरचे लाइट तर दिवाळीत मी पण लावतो."

मी विचारलं, मग चांगला डबा ओळखायचा कसा? तुम्ही म्हणाले, "गाणं कोणत्याही डब्यात चांगलंच वाटते. गाणं संपल्यावर काय उरते, ते ऐक."

मग आपण तेच ऐकत बसायचो. तंबोऱ्याची तार छेडायची आणि ती मरेपर्यंत ऐकत राहायचं. हलक्या डब्यात तार मध्येच खरखरायची आणि मग गपकन नाहीशी व्हायची. चांगल्यात ती लांब जायची, बारीक व्हायची, आणि शेवटी कळायचंच नाही की ती आहे की आपल्यालाच वाटून राहिलं. दुसरी परीक्षा, एकच आवाज डब्यातून बाहेर काढायचा, पुन्हा आत घ्यायचा, पुन्हा बाहेर. असं दहा वेळा. माझ्याच आवाजावर केलं होतं तुम्ही. एका डब्यात दहाव्या फेरीला मी सर्दी झालेल्या बकऱ्यासारखा निघालो. तुम्ही काकूंना हाक मारली, "अहो, या, पोपटराव पहिल्यांदा अस्सल वाटून राहिले."

आणि तो फोन. तेव्हा तुम्ही तिलवाऱ्याला कोणाकडे तरी गेले होते आणि शहपुऱ्याच्या भजन मंडळीचा फोन आला. भैया, हमारा मिक्सिंग हुआ क्या? मी तुमच्या आवाजात म्हटलं, "हो गया, ले जाओ. चलो." ते बिचारे जीपमध्ये बसून आले. पेटी, झांजा, सगळं एकमेकांच्या अंगावर चढलेलं, काहीच झालेलं नव्हतं. तुम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मला वाटलं आता आपली छुट्टी. पण तुम्ही एवढंच म्हणाले, "माझा आवाज काढतो, पण माझं नाक नाही काढत तू. फोनमध्ये नाक येत नाही म्हणून चाललं. चांगल्या डब्यात पकडला जाशील."

हे वाक्य ध्यानात ठेवा, काका. पुढे लागणार आहे.

चार वर्षांत आपण किती डबे पाहिले, मी मोजणं सोडून दिलं. कोणाकडून आठ दिवसांसाठी आणलेला, कोणाचा जुना, नागपूरच्या दुकानातून पाहायला म्हणून मागवलेला. सगळ्यांना बोट. भजन मंडळीचं काम आपल्या जुन्या, काळ्या डब्यावर मस्त चालून राहिलं होतं. कोणाची तक्रार नव्हती. मी विचारायचो, "काका, मग नवीन पाहिजे कोणासाठी?" तुम्ही म्हणायचे, "आहे एक काम." कोणतं ते कधी सांगितलं नाही.

मग मागच्या महिन्यात नागपूरहून तो चांदीसारखा डबा आला. समोर निळा पडदा, त्यावर नाचणाऱ्या काड्या. मी तर त्याच्या प्रेमातच पडलो. तुम्ही म्हणाले, डोळ्यांनी नाही, कानांनी. दोन्ही डब्यांवर काकूंचे टॉवेल टाकले, मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, आणि पाटीवर खडूनं लिहिलं, एक, दोन. तीच तार दोनदा वाजवली. मग म्हणाले, बोला पोपटराव.

आणि मी बोललो ना! म्हटलं, पहिला गुदमरलेला आहे, दुसरा मोकळा. दुसऱ्यात तार श्वास घेऊन राहिली. दुसऱ्यात मला तंबोऱ्याचा भोपळा दिसून राहिला. भोपळा, काका! आठवलं की आजही कान गरम होतात.

तुम्ही बोट वर केलं, एक चक्कर. मग दोन्ही टॉवेल ओढले. चांदीवाल्याची वायर गुंडाळलेलीच होती, तिच्यावर दुकानाचं रबर तसंच होतं. दोन्ही वेळा आपला काळा डबाच वाजला होता.

"फॅक्टरीत असंच करायचे," तुम्ही म्हणाले. "नाप घेणाऱ्याला गुपचूप तोच तुकडा दोनदा द्यायचे. आधी माणूस नापायचा, मग माल."

मी भडकलो. म्हटलं, "माझ्या कानावर शक आहे तर सरळ सांगा."

"कानावर नाही रे. तुला तो आधीच आवडून गेला होता, त्या आवडण्यावर आहे."

"आणि तुम्हाला काय आवडते? काहीच नाही! चार वर्षं झाली. तुम्हाला डबा निवडायचाच नाही. तुम्हाला फक्त बोट फिरवायचं आहे!"

असं म्हणून मी उठलो. मागे तुमचं नाक वाजलं. मी चप्पल घातली आणि स्कूटर काढली.

आठ दिवस आलो नाही. तुम्ही फोन करायचे नाही आणि मी करणार नव्हतो. दिवसभर मित्रांना तुमची नक्कल करून दाखवत होतो, बोट फिरवून फिरवून. नवव्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "मंदार, ये. हे जेवून पडले होते, उठून नाही राहिले." मला सगळ्यांचे आवाज येतात, काका. त्या दिवशी घाटावर नोंदीसाठी तुमचं नाव विचारलं तर माझा स्वतःचा आला नाही.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. कपाटातून एक चपटा डबा काढला, आत स्पूलची टेप, जुनी, चॉकलेटी. म्हणाल्या, "हे काम होतं ह्यांचं."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाचं पहिलं वर्ष. तेव्हा काकू गायच्या. तुम्ही स्पूलची मशीन नवीनच आणली होती आणि पहिलं रेकॉर्डिंग काकूंचं केलं. गाणं संपलं, तिकडे दूध उतू चाललं होतं, काकू तंबोरा ठेवून पळाल्या. परत आल्या तेव्हा तुम्ही टेप गुंडाळून ठेवली होती. काकूंनी विचारलं, कसं झालं? तुम्ही म्हणाले, "म्हटलं ना, वा. टेपवर आहे."

"आयुष्यात एकदाच वा म्हणाले म्हणे, आणि ते पण मी नसताना," काकू म्हणाल्या. "मी भांडले की म्हणायचे, टेपवर आहे. मशीन लवकरच बिघडली. मग माझं गाणंच सुटलं, मग मुलीचं शिक्षण, मग तिचं लग्न. चार वर्षांपूर्वी मशीन दुरुस्त करून आणली. मी म्हटलं, चला, ऐकवा आता. तर म्हणाले, टेप झडून राहिली आहे, एकदाच चालेल, आधी डबा चांगला पाहिजे. आता तू लाव. मला फक्त एवढंच ऐकायचं आहे की हे म्हणाले होते का."

मी घाबरलो. एकदाच चालणार, आणि डबा ठरलेला नाही. काळा लावू की चांदीवाला? नागपूरचा दुकानदार रोज फोन करून राहिला, "भैया, पीस वापस करोगे कि रखोगे?" दोन दिवस मी टॉवेल टाकून, टॉवेल काढून, भिंतीकडे तोंड करून बसलो. ज्या माणसाला रबर लावलेल्या डब्यातून भोपळा दिसला, तो काय निवडणार!

काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "काहून रे, दोन्हीत एकदम नाही लावता येत?"

काका, एका वायरीला दोन तोंडं लावायची होती. तशा वायरी तुमच्या खणात पाच पडल्या होत्या. मी दोन मिनिटं काकूंकडे पाहतच राहिलो. हे मला नाही सुचलं, ठीक आहे, मी पोपट. पण तुम्हाला चार वर्षांत सुचलं नसेल? तुम्हाला?

तिथून माझा शक सुरू झाला. मी तुमची वही काढली, ती निळी, ज्यात प्रत्येक डब्याचा नाप लिहायचे. पानापानावर नापास, नापास. घड्याळ कच्चं. तार लवकर मेली. मागे-मागे गेलो. पहिल्याच पानावर आपल्या काळ्या डब्याचं नाव, आणि तुमच्या अक्षरात, लाल पेननं, मंजूर. खाली लिहिलेलं, टेप नंतर.

म्हणजे डबा पहिल्याच दिवशी ठरला होता! चार वर्षं तुम्ही मला रजईत बसवून तारा ऐकवत होते, दुकानदारांना पळवत होते, आणि मंजूर डबा समोर भजनं वाजवत होता. तुम्ही घाबरले होते, काका. तुम्हाला स्वतःवरच शक होता. ज्या माणसानं सगळ्यांना दोनदा नापलं, त्याला पक्कं ठाऊक नव्हतं की तो वा म्हणाला तेव्हा मशीन चालू होती की बंद.

हे कळलं आणि मला तुमचा राग यायला पाहिजे होता. पण आलं हसू, आणि मग दुसरंच काहीतरी. कारण याच बहाण्यानं मला कान मिळाले.

टेप लावली. काकू म्हणाल्या, मी कच्चं नाही ऐकणार, तू नीट कर मग बोलाव. आणि आत गेल्या. मी हेडफोन घातला. चॉकलेटी भुकटी पडत होती मशीनवर. काकूंचा तो आवाज तुम्ही मला कधी सांगितला नव्हता. पातळ, सरळ, कुठेच न थरथरणारा. गाणं संपलं. तंबोऱ्याची तार लांब गेली, बारीक झाली, दूर गेली. पावलं धावली, ते दूध असणार. मग तुमचं नाक. बारीक शिट्टी, तेव्हा पण डावीच नाकपुडी. आणि लगेच, खट्. मशीन बंद.

वा नाही.

दोन्ही डब्यांत तपासलं. दोन्हीत शिट्टी, दोन्हीत खट्. चांदीवाल्यात शिट्टी जरा जास्त जवळची वाटली. की मलाच तसं पाहिजे होतं? काळ्याला मंजुरी ठीकच होती तुमची.

आता गुन्हा सांगतो. काकू आत दळण निवडत बसल्या होत्या आणि मी माइकसमोर उभा राहिलो. तुमच्या आवाजात म्हटलं, "वा." एकदा मोठ्यानं, एकदा हलक्यानं, एकदा तरुण करून. तिसरा एकदम तुम्ही होता. त्याला जुन्या टेपसारखी जरा खरखर दिली, आणि शिट्टी आणि खट् यांच्या मधोमध बसवून टाकला. कोणाचा बाप ओळखणार नाही. आणि शिट्टी तर तुमचीच होती, अस्सल. म्हणजे या वेळी नाक पण होतं.

पण काकूंच्या समोर नुसतं तेच वाजवायची हिंमत होईना. तुमची सवय लागली मला. मी पाटी घेतली, खडूनं लिहिलं, एक, दोन. एकमध्ये वा, दोनमध्ये जसं आहे तसं. म्हटलं, "काकू, दोन डब्यांचे दोन नमुने आहेत. कोणता ठेवू ते तुम्ही सांगा." खोटंच बोललो. दोन्ही काळ्या डब्याचेच होते.

काकू तुमच्या खुर्चीत बसल्या. डोळे मिटले. पहिलं वाजलं. स्वतःचा आवाज ऐकताना त्यांची बोटं पदरावर ताल धरून राहिली होती. तार विझली, शिट्टी, "वा", खट्. मी दुसरं लावलं. शिट्टी, खट्.

काकूंनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "दुसरं ठेव. पहिल्यात तू आहे."

"कसं काय, काकू?"

"शिट्टी, मग चष्मा, मग तोंड. तू ह्यांना चष्मा काढायला वेळच नाही दिला, मंदार. शिट्टीच्या पाठोपाठ बोलवलं. हे जन्मात तसे बोलले नाहीत." आणि हसल्या, तोंडाला पदर लावून. "आणि चष्मा काढायला दोन्ही हात लागायचे ह्यांना. म्हणून आधी बटण दाबलं असणार."

"पण मग दुसऱ्यात तर वा नाहीच आहे. माफ करा काकू, पण टेपवर नाहीच आहे."

"नसू दे. नापास केलं असतं तर बोट फिरवलं असतं. नाक वाजलं म्हणजे हे बोलणारच होते. बोलले पण असतील, इथे, रिकाम्या खोलीत." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "मीच दुधाकडे पळाले."

मग उठल्या. "पहिलं पुसून टाक. आणि तो चांदीवाला त्याला परत पाठव, उगाच रोज फोन करून राहिला."

मी पुसलं. काकू आत गेल्या, आणि पाच मिनिटांनी डाळ फोडणीला टाकताना गुणगुणायला लागल्या. तेच गाणं. चाळीस वर्षं सुटलेलं. आता सूर जरा थरथरते. मी रेकॉर्ड नाही केलं. करायला पाहिजे होतं का? ते तुम्ही सांगितलं असतं.

काका, डबा आता ठरला आहे, काळाच. त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवला आहे, धूळ नको म्हणून. मी खुर्चीत अजून बसलो नाही.

फक्त एक राहून राहिलं डोक्यात. त्या दिवशी मी भडकून उठलो, तेव्हा तुम्ही बोट वर केलं नव्हतं. मी दाराशी होतो, पाठमोरा, चप्पल शोधत, आणि मागे तुमचं नाक वाजलं होतं. मी ऐकलं होतं. माझे कान तुम्हीच बनवले, खोटं नाही बोलत. चष्म्याची एक दांडी निघायला जितका वेळ लागतो, तितका मी थांबलो नाही.

वा नसेल. इतका मी वेडा नाही. पण मला शक आहे काका, एकदम पक्का शक आहे, की 'चलो' होतं.

आणि आता नमस्कार.